पाळी चुकण्याआधीची गोळी

गरोदर असल्याचे कळल्यानंतर हातात पडणारी फॉलिक ॲसिडची गोळी आपल्याकडे बहुतेक वेळा उशिरा आलेली असते, आणि या उशिराचा दोष त्या बाईचाही नसतो, तिला गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांचाही नसतो. गर्भाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून घडतात ती मज्जानलिका गर्भधारणेनंतर साधारण अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटलेली असते. पाळी चुकते तेव्हा गर्भ दोन आठवड्यांचा झालेला असतो. पुढचे आठ-दहा दिवस ‘दगदगीने पुढे गेली असेल’ असे म्हणण्यात जातात, मग घरच्या घरी तपासणी होते, मग आधी कुणाला सांगायचे याचा विचार, मग डॉक्टरांची वेळ मिळणे, आणि या सगळ्यात सातवा-आठवा आठवडा केव्हा उजाडला ते कळत नाही. ज्या कामासाठी गोळी द्यायची ते काम तोवर, चांगले किंवा वाईट, होऊन गेलेले असते. नळी वरच्या टोकाला उघडी राहिली तर मेंदू आणि कवटी नीट घडत नाहीत आणि ते मूल जगत नाही. खालच्या बाजूला उघडी राहिली तर मज्जारज्जू पाठीतून उघडा पडतो, आणि मूल जगले तरी पायांतले बळ, लघवी-शौचावरचा ताबा, डोक्यात साचणारे पाणी यांच्याशी त्याला व त्याच्या आईवडिलांना जन्मभर झुंजावे लागते. भारतातल्या निरनिराळ्या पाहण्या एकत्र करून केलेल्या अभ्यासांत दर हजार जन्मांमागे चारच्या आसपास मुलांत हा दोष आढळला आहे. त्यातला मोठा भाग दीड-दोन रुपयांच्या गोळीने टळू शकतो, पण त्यासाठी ती गोळी दिवस राहण्याआधी किमान एक महिना, शक्य तर दोन-तीन महिने, पोटात जात असली पाहिजे.

माझे म्हणणे असे आहे की गर्भधारणेपूर्वीचे हे पोषण आपण अजूनही जोडप्याची खासगी हौस मानतो, शिकलेल्या आणि ऐपत असलेल्या घरांनी ‘प्लॅनिंग’ करून करायची गोष्ट मानतो, आणि तिथेच चुकतो. लसीकरणाची जबाबदारी जशी सरकारने आणि समाजाने स्वतःकडे घेतली, तशीच ही जबाबदारीही सार्वजनिक मानली पाहिजे. ती तशी मानली जात नाही म्हणूनच गोळी उशिरा पोहोचते, आणि मधल्या रिकाम्या जागेत बाजार शिरतो.

आम्ही बडोद्यात दांडिया बाजारच्या भागात राहतो. आमच्या शेजारची एक सून गेल्या वर्षी आठव्या आठवड्यात पहिल्यांदा तपासून आली, आणि संध्याकाळी एक भरलेली पिशवी घेऊन माझ्याकडे बसली. “काकू, यातलं आधी काय घेऊ आणि कशावर काय घ्यायचं नाही?” असे तिने विचारले. पिशवीत गोळ्यांची चार पाकिटे होती आणि दुधात घालून प्यायच्या भुकटीचा एक मोठा डबा होता. मी चष्मा लावून एकेक वाचत गेले. फॉलिक ॲसिड त्यांपैकी तीन वस्तूंत होते, तिन्हींत निरनिराळ्या मात्रेत. बी-१२ हे जीवनसत्त्व एकाच गोळीत होते. आणि बाकीच्या निम्म्या यादीचा तिला त्या आठवड्यात काही उपयोग होता असे मला वाटले नाही. लग्नाला आठ महिने झाले होते. त्या आठ महिन्यांत घरच्या वडीलधाऱ्यांनी ‘काही गोड बातमी?’ असे किती वेळा विचारले ते तिने मोजून सांगितले, पण एक साधी गोळी सुरू कर असे तिला कुणीच सांगितले नव्हते. मात्र कॉलेजात असताना थॅलसेमिया या आईबापांकडून मुलांत उतरणाऱ्या रक्तदोषाच्या तपासणीसाठी तिने रक्त दिले होते, कारण गुजरातेत विद्यार्थ्यांची अशी तपासणी पुष्कळ ठिकाणी होते. होणाऱ्या मुलाचा विचार लग्नाआधी करणे आपल्या समाजाला जमत नाही असे म्हणता येणार नाही. जिथे कुणीतरी पद्धत लावून दिली तिथे ते मुकाट्याने आणि लाज न बाळगता होते.

फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाचा शोध आपल्याच भागातून सुरू झाला हे फार थोड्यांना ठाऊक असते. लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईला आली ती कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणाऱ्या एका विशिष्ट पंडुरोगाचा छडा लावण्यासाठी. या बायकांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या असत, आणि कित्येकींचा त्यात अंत होई. तिने त्यांच्या आहाराची बारकाईने पाहणी केली आणि यीस्टच्या अर्काने तो पंडुरोग बरा होतो असे दाखवून १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अज्ञात द्रव्याला पुढे ‘विल्स घटक’ म्हणत. १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले आणि पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले; काही वर्षांत अमेरिकेतल्या लेडरले प्रयोगशाळेत ते कृत्रिम रीतीने तयार झाले, आणि त्या कामाचे नेतृत्व आंध्रातून तिकडे गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते. मुंबईच्या गिरणी कामगार बायकांच्या रक्तावरून आणि एका भारतीय शास्त्रज्ञाच्या हातून जे द्रव्य जगाला मिळाले, ते आज आपल्याच मुलींपर्यंत वेळेवर पोहोचत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पंडुरोगावरच्या या औषधाचा आणि गर्भाच्या मज्जानलिकेचा संबंध नि:संशय सिद्ध व्हायला आणखी बरीच वर्षे लागली. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सात देशांतल्या ३३ केंद्रांत घेतलेली चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या स्त्रियांना आधी असा दोष असलेले मूल झाले होते त्यांना गर्भधारणेपूर्वीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिल्याने तो दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. पुढच्याच वर्षी हंगेरीतल्या चाचणीने आधी असे मूल न झालेल्या स्त्रियांतही फायदा दाखवला, तोही याच्या पाचव्या हिश्श्याइतक्या, म्हणजे ०.८ मिलिग्रॅमच्या मात्रेने. आज जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला साधा आहे: मूल हवे असे ठरवल्या दिवसापासून गर्भ १२ आठवड्यांचा होईपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.४ मिलिग्रॅम. ज्यांना आधी असे मूल झाले आहे, ज्या फेफऱ्यावरची काही औषधे घेतात किंवा ज्यांना मधुमेह आहे, त्यांना अधिक मात्रा लागू शकते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची असते. फेफऱ्याचे औषध घेणाऱ्या मुलीने ते आपल्या मनाने बंद करायचे नाही, पण दिवस राहण्याआधी डॉक्टरांना भेटायचे, एवढे तरी प्रत्येक घरात माहीत असायला हवे.

आता आपली सरकारी व्यवस्था पाहू. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमाच्या सूचनांमध्ये, गर्भधारणेपूर्वी आणि पहिल्या तिमाहीत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे असे लिहिलेले आहे. कागदावर उणे काही नाही. पण व्यवस्थेचे हातपाय हलू लागतात ते गरोदरपणाची नोंद झाल्यावर: ममता कार्ड तेव्हा मिळते, आशाताई तेव्हा घरी येतात, लोहाच्या लाल गोळ्या दुसऱ्या तिमाहीपासून १८० दिवस मिळतात, आणि दर महिन्याच्या ९ तारखेला मोफत तपासणीचे जे अभियान २०१६ पासून चालते तेही दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या स्त्रियांसाठी आहे. यातले काहीच टाकाऊ नाही, बाळंतपणात स्त्री दगावू नये म्हणून हे सगळे उभे राहिले आणि त्याने जीव वाचले. तरीही २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पहिल्या तिमाहीत तपासणी झालेल्या माता ७० टक्के होत्या. म्हणजे दहांतल्या तिघींची भेट व्यवस्थेशी त्या तिमाहीत झालीच नाही, आणि उरलेल्या सात जणींपैकी अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आत किती पोहोचल्या असतील याचा अंदाज आपण आपल्या घरांतल्या अनुभवावरून करू शकतो.

गरोदर नसलेल्या २० ते ४९ वयाच्या स्त्रियांसाठीही आठवड्याला एक लाल गोळी या कार्यक्रमात आहे, आणि तीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. या आकड्यापाशी मला वाचकांना थांबवायचे आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याच्या गोळीत २८०० मायक्रोग्रॅम सुचवते, कारण रोजचे ४०० गुणिले सात दिवस म्हणजे तितकेच होतात. आपल्या आठवड्याच्या गोळीत याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी आहे. रक्त वाढवण्यासाठी ती पुरेशी असेल, मज्जानलिकेसाठी नाही. जी गोळी आज वाटली जाते तिच्यातल्या एका घटकाची मात्रा वाढवायची, एवढाच हा बदल आहे. त्यासाठी नवी योजना, नवे नाव, नवे उद्घाटन काहीही लागत नाही. अर्थात ती गोळी खरोखर प्रत्येकीच्या हातात पडली पाहिजे, ही अट राहतेच. वर सांगितलेल्या राष्ट्रीय पाहणीतच गुजरातेतल्या १५ ते ४९ वयाच्या ६५ टक्के स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली, देशाच्या ५७ टक्क्यांहूनही जास्त. दूध-तुपाच्या म्हणवल्या जाणाऱ्या आपल्या प्रांताला हा आकडा शोभत नाही. गरोदरपणासाठी एकंदर साधारण एक ग्रॅम लोह लागते आणि ते नऊ महिन्यांत उधारीवर गोळा होत नाही. साठा आधीचाच असावा लागतो.

यावर नेहमी ऐकू येणारे उत्तर म्हणजे, आमच्या आज्या-पणज्यांनी कुठल्या गोळ्या घेतल्या होत्या? हे उत्तर मी उडवून लावत नाही, कारण त्यामागे आपल्या अन्नावरचा विश्वास आहे आणि तो विश्वास बऱ्याच अंशी खरा आहे. खंडेराव मार्केटमध्ये थंडीत मेथी, पालक, तांदळजा यांचे ढीग लागतात. थेपल्यांत मेथी असते, सेव-उसळीत वाटाणा असतो, वरणात तूर, ढोकळ्यात हरभऱ्याची डाळ, आणि या सगळ्यांत फोलेट, म्हणजे फॉलिक ॲसिडचे अन्नातले नैसर्गिक रूप, आहे. पण पालेभाजीतले फोलेट पाण्यात उतरते आणि उष्णतेने नासते. भाजी उकडून पाणी ओतून दिले किंवा वरण सकाळी करून रात्रीपर्यंत तीनदा तापवले तर त्यातला मोठा भाग गेलेला असतो. उरते तेही गोळीतल्या फॉलिक ॲसिडइतके अंगी लागत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये ठरवलेली रोजची गरज साध्या स्त्रीसाठी २२० मायक्रोग्रॅम आहे आणि गरोदर स्त्रीसाठी ५७०. ही उडी केवळ ताटातून भरून काढायची तर फार विचारपूर्वक जेवावे लागते, आणि आपल्या घरांत सर्वांना वाढून झाल्यावर जी शेवटी बसते तिच्या ताटात भाजी किती उरते हे आपण सगळे जाणतो. आज्यांच्या काळी मेलेली जन्मलेली मुले होतीच. ती रात्रीच पुरली जात, त्यांची नोंद होत नसे, आणि ‘पहिलं गेलं’ या दोन शब्दांत विषय संपत असे.

अन्नाचे महत्त्व यात कमी होत नाही, वेळेचे महत्त्व वाढते. मुंबईच्या झोपडवस्त्यांत २००६ पासून चाललेल्या एका मोठ्या प्रयोगात सहा हजारांहून अधिक स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून रोज एक खाऊ दिला गेला. एका गटाच्या खाऊत पालेभाजी, फळे व दूध होते, दुसऱ्या गटाच्या खाऊत ती पोषणमूल्ये कमी असलेल्या भाज्या. सर्व स्त्रिया मिळून पाहिले तर बाळांच्या वजनात ठोस फरक दिसला नाही. ज्यांनी दिवस राहण्याच्या किमान तीन महिने आधी खाऊ सुरू केला होता त्यांची बाळे मात्र सरासरी ४८ ग्रॅमने वजनदार निघाली, आणि पालेभाजी-दुधाच्या गटात गरोदरपणातल्या मधुमेहाचे प्रमाण १२.४ टक्क्यांऐवजी ७.३ टक्के आढळले. हा खाऊ म्हणजे गल्लीतल्या समोशासारखाच एक पदार्थ होता, कुठलेही महागडे द्रव्य नव्हते. डोहाळजेवणाला पाच प्रकारचे भात करणाऱ्या आपण मंडळींनी त्या मेजवानीतली थोडी काळजी दिवस राहण्याच्या आधीच घ्यावी, असे मला यावरून वाटते.

बडोद्यासारख्या शहरात आणखी एक मुद्दा येतो, आणि तो फॉलिक ॲसिडचा उत्साहाने पुरस्कार करणाऱ्यांनी टाळू नये. आपल्याकडे शाकाहारी घरे फार आहेत. कोकणातून किंवा देशावरून आलेली आमची मराठी घरेही इथे पिढ्यान्‌पिढ्या राहून पुष्कळशी शाकाहारी झाली आहेत. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसते. शाकाहाऱ्याला ते दूध, दही, ताक, पनीर यांतूनच मिळते, आणि ज्या घरात दूध म्हणजे चहात पडेल तेवढेच, तिथे ते मिळत नाही. नुसते फॉलिक ॲसिड भरपूर घेतले तर बी-१२ च्या अभावाने झालेला पंडुरोग वरवर बरा दिसतो आणि मज्जातंतूंची हानी आत चालू राहते. म्हणूनच कारण नसताना गोळ्यांमधून रोज एक मिलिग्रॅमपेक्षा जास्त फॉलिक ॲसिड घेऊ नये असे सांगतात. आपल्या औषधदुकानांत सर्रास मिळणारी गोळी मात्र ५ मिलिग्रॅमची असते, म्हणजे सामान्य गरजेच्या साडेबारा पट. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या माता आणि त्यांच्या मुलांचा मागोवा घेत आहेत. त्यातल्या निम्म्याहून अधिक मातांत गरोदरपणी बी-१२ कमी होते. आणि ज्यांच्यात बी-१२ कमी पण फोलेट जास्त होते त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ती, जी पुढे मधुमेहाकडे नेऊ शकते, अधिक दिसली, असे त्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केले. हे निरीक्षण आहे, यातून कार्यकारण पक्के होत नाही. पण शाकाहारी समाजात फॉलिक ॲसिड एकटे पाठवू नये, त्याच्या सोबत बी-१२ द्यावे, एवढा शहाणपणा घ्यायला हे पुरे आहे. गोळीच्या विरोधात कुणी हा अभ्यास पुढे केला तर मी म्हणेन की तो गोळीच्या विरोधात नाही, अर्धवट गोळीच्या विरोधात आहे.

बाजाराने या बाबतीत जे केले आहे त्याबद्दल मला तीव्र नाराजी आहे. फॉलिक ॲसिडची साधी गोळी स्वस्त असल्याने तिच्यात फारसा नफा नाही. म्हणून तिच्यात पंधरा-वीस घटक मिसळून, आकर्षक डब्यात घालून, ती ‘मातृत्वाच्या तयारीसाठी’ विकली जाते. फॉलिक ॲसिडऐवजी त्याचेच ‘अधिक सक्रिय’ रूप म्हणून मिथाइलफोलेट कितीतरी पट किमतीला दिले जाते. मज्जानलिकेचा दोष टाळल्याचा जो पुरावा चाचण्यांतून मिळाला आहे तो साध्या फॉलिक ॲसिडचा आहे, हे त्या डब्यावर लिहिलेले नसते. अशा पूरक भुकट्या आणि गोळ्या बहुतांशी अन्नाच्या कायद्याखाली येतात, औषधाच्या नाही, त्यामुळे गुण सिद्ध करण्याची कडक अट त्यांना लागत नाही. नवऱ्यांसाठीही आता जस्त आणि फॉलिक ॲसिडची पाकिटे निघाली आहेत. अमेरिकेत २३७० जोडप्यांवर घेतलेल्या चाचणीत या दोन्हींनी ना वीर्याची गुणवत्ता सुधारली, ना जन्मलेल्या मुलांची संख्या वाढली, हे २०२० मध्येच छापून आले आहे. मूल राहत नाही म्हणून खचलेल्या जोडप्याला अशी आशा विकणे मला अन्याय वाटते. काही द्रव्ये तर निव्वळ निरुपयोगी नसून घातक ठरू शकतात: प्राणिज स्वरूपातले ‘अ’ जीवनसत्त्व रोज ३००० मायक्रोग्रॅमच्या पुढे गेले तर गर्भाला व्यंग येऊ शकते, आणि दोन-तीन मिश्रणे एकदम घेणारी बाई ही बेरीज करत बसत नाही. गाजर-भोपळ्यातल्या रंगद्रव्यापासून हा धोका नाही. १९०७ पासून अलेम्बिकसारखा औषधाचा कारखाना ज्या शहरात आहे त्या शहरात ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड आणि थोडे बी-१२ एवढेच असलेली स्वस्त गोळी दर दुकानात मागता यावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

गोळीची आठवण कुणी ठेवायची, हा प्रश्न तरीही उरतो. पुष्कळ गर्भधारणा ठरवून होत नाहीत, आणि ज्या घरात ठरवून होतात त्यांच्यासाठीच सगळी शिकवण करायची तर गरजू बाहेरच राहतात. म्हणून काही देशांनी ही जबाबदारी पिठावर टाकली. अमेरिकेत १९९८ पासून दर १०० ग्रॅम पिठात १४० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घालणे सक्तीचे आहे, आणि तिथे हा दोष ठळकपणे घटला. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य सभेने सर्व सदस्य देशांना अन्नात असे घटक मिसळण्याबद्दल ठराव करून आवाहन केले. आपल्याकडे पोषणयुक्त तांदळाची घोषणा १५ ऑगस्ट २०२१ रोजी झाली आणि रेशनवर तो टप्प्याटप्प्याने आला. पण त्याच्या मानकानुसार किलोमागे ७५ ते १२५ मायक्रोग्रॅमच फॉलिक ॲसिड असते. दिवसाला दीडशे ग्रॅम तांदूळ खाणारीला त्यातून फार तर १९ मायक्रोग्रॅम मिळतील. कणकेचे ऐच्छिक मानकही तेवढेच आहे, अमेरिकेच्या पिठाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. शिवाय बडोद्यात पॅकेटातली कणीक किती घरांत येते? आपल्याकडे वर्षाचे गहू भरण्याची रीत आहे, त्यांना दिवेल, म्हणजे एरंडेल, लावून कोठीत ठेवतात आणि घरघंटीवर किंवा कोपऱ्यावरच्या गिरणीत दळतात. पिठात काहीही मिसळा, ते या घरांना शिवणार नाही.

प्रत्येक घर विकत घेते असे एकच अन्न आहे, आणि ते म्हणजे मीठ. देशातले बहुतांश मीठ गुजरातच्याच आगरांतून निघते. आयोडीन न घातलेले मीठ खाण्यासाठी विकण्यावर देशभर बंदी आली ती मे २००६ मध्ये, आणि त्यासाठी कुणा गृहिणीला आयोडीनचे शास्त्र शिकावे लागले नाही. गर्भाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी काम करू लागेपर्यंत त्याच्या मेंदूची वाढ आईच्या ग्रंथीवर, म्हणजे तिला मिळालेल्या आयोडीनवर, अवलंबून असते. अलीकडे उपासाचे, सहसा आयोडीन नसलेले सैंधव रोजच्या स्वयंपाकात वापरण्याची जी टूम निघाली आहे ती मूल हवे असलेल्या घरांनी यासाठीच सोडावी. मिठात आयोडीनच्या जोडीला फॉलिक ॲसिड घालण्याचा प्रयोग दक्षिण भारतातल्या चार खेड्यांत होऊन स्त्रियांच्या रक्तातले फोलेट चांगले वाढल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. प्रयोग छोटा होता. साठवणीत ते किती टिकते आणि बी-१२ ची सोबत कशी द्यायची हे मोठ्या प्रमाणावर पाहावे लागेल. ते पाहण्यासाठी गुजरातइतके सोयीचे राज्य दुसरे नाही.

मीठ येईपर्यंत गोळी हाच मार्ग आहे, आणि ती देण्याची जागा माझ्या मते विवाहनोंदणीची खिडकी ही आहे. गुजरातेत विवाहनोंदणी २००६ च्या कायद्याने सक्तीची झाली आहे आणि हल्ली पासपोर्टसाठी, बँकेसाठी जोडपी महापालिकेत जातातच. दाखल्यासोबत तीन महिन्यांच्या साध्या गोळ्या आणि एक पान माहिती दोघांच्या हाती द्यावी. यावर मला स्वतःलाच एक भीती वाटली होती, आणि ती मी इथे मांडते: नव्या सुनेवर मूल लवकर होऊ देण्याचे दडपण आपल्याकडे आधीच इतके असते की सरकारने दिलेली गोळी सासरच्या हातात आणखी एक काठी होऊन बसेल. म्हणून ते पान लिहिताना फार जपावे लागेल. गोळी मूल कधी हवे हे विचारत नाही. ती घेतल्याने दिवस लवकर राहत नाहीत. पाळणा लांबवण्याची साधने वापरत असतानाही ती चालते. आणि मूल नको असले तरी रक्तासाठी ती चांगलीच आहे, असे त्या पानावर मराठीत, गुजरातीत, हिंदीत ठळक लिहिले पाहिजे. पान नवऱ्याच्याही हातात द्यायचे ते याच कारणाने.

सरकारने घरात इतके आत शिरावे का, असे कुणी विचारील. याच बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०४ मध्ये बालविवाहाला आळा घालणारा कायदा केला आणि १९०६ मध्ये मुलींसह सर्वांचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हाही हाच प्रश्न विचारला गेला होता. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या नावाच्या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता होत्या, आणि इथल्या गृहविज्ञान शाखेत मी शिकले तेव्हा घरातले अन्न हा अभ्यासाचा आणि धोरणाचा विषय आहे, हे आम्हांला पहिल्याच वर्षी शिकवले गेले. त्या शाखेतल्या मुली दरवर्षी आहारपाहणीसाठी वस्त्यांत जातात. त्यांच्या प्रश्नावलीत गरोदर बाईला विचारायच्या प्रश्नांआधी एक नवा प्रश्न घालता येईल: लग्न झाल्यापासून आजवर तुम्हांला फॉलिक ॲसिडबद्दल कुणी, आणि केव्हा, सांगितले? महापालिकेपुढे विवाहनोंदणीच्या खिडकीची मागणी घेऊन जाताना या उत्तरांचे गठ्ठे सोबत असतील तर ती नाकारणे अवघड जाईल. शेजारच्या त्या मुलीला मी विचारले, या मागणीखाली तू नाव लिहून देशील का? तिने मांडीवरचे बाळ सासूकडे दिले आणि कागद मागितला. सासूबाईंनी तो वाचून तिच्या नावाखाली आपलेही नाव लिहिले.